वेगळा नियोजन सल्लागार घ्यावा का? घ्यावा, आणि बयाणा द्यायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघा भावंडांची मिळून अडीच एकर जमीन आहे. तिथे वीसेक घरांचा लेआउट करायचाय. लागून असलेला एक छोटा तुकडाही घ्यायचाय, त्याचा बयाणा पुढच्या आठवड्यात ठरलाय. आर्किटेक्ट मित्र म्हणतो, वेगळा सल्लागार कशाला, सगळं मीच बघतो. तर सल्लागार घ्यावा का, कधी घ्यावा आणि बरा कोणता हे कसं ओळखावं?

पहिल्या दोनांची उत्तरं वर शीर्षकातच दिली आहेत. आता का, ते सांगतो.

मी स्वतः नियोजनकार नाही. लेआउटमधले रस्ते, ड्रेनेज, पाण्याच्या लाइनी करणारा सिव्हिल इंजिनियर आहे, वीस-बावीस वर्षं झाली. म्हणजे कागदावर मंजूर झालेल्या चुका शेवटी ज्याच्या गळ्यात पडतात, तो मी.

तुमच्या मित्राला मी कमी लेखत नाही. पण त्याचं काम वेगळं आहे. या जागेत काय बसेल हे आर्किटेक्ट सांगतो. या जागेत काय होऊ देतील, कोण अडवेल, कशाच्या आधारावर अडवेल आणि त्यावर तोडगा आहे की नाही, हे नियोजनकाराने सांगायचं असतं. काही आर्किटेक्ट दोन्ही उत्तम करतात. मात्र पुढच्या ड्रॉइंगची फी ज्याला मिळणार आहे, त्याच्या तोंडून 'इथे काही करू नका' हे वाक्य जड जातं. मलाही जातं. माझ्या रस्त्याचं काम त्यातूनच येणार असतं ना.

आणि नियम सगळीकडे एकाच जातीचे नसतात. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, एक एकराहून कमी जागेवर सुमारे 12 लाख चौरस फूट. तिच्या सावलीत सापडलेल्या शेजाऱ्यांची ओरड जुनीच होती, पण या इमारतीने ती टोकाला नेली आणि पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, शहराने झोनिंगचा ठराव केला. कुठे काय बांधता येईल आणि वर जाताना इमारत किती मागे सरकवायची, हे आधीच लिहून ठेवलं. या पद्धतीत तुम्ही नियमात बसलात की हक्काने बांधता. इंग्लंडने 1947 च्या कायद्याने दुसरी वाट धरली. तिथे जमीन तुमची असली तरी विकासाचा हक्क आपोआप तुमचा नाही. दर वेळी परवानगी मागायची, आणि अधिकारी आराखड्याबरोबर इतर गोष्टीही तोलून निर्णय देणार. पहिल्या पद्धतीत सल्लागार म्हणजे नियम नेमके वाचणारा, दुसरीत तो बराचसा बाजू मांडणारा. ह्यूस्टनसारख्या शहरात तर झोनिंगचा कायदाच नाही, म्हणून लोकांना वाटतं तिथे रान मोकळं. प्रत्यक्षात तिथल्या बऱ्याच वस्त्यांत जुन्या खरेदीखतांतल्या अटी माणसाला झोनिंगइतक्याच घट्ट बांधतात. तेव्हा सल्लागाराला पहिला प्रश्न हा विचारा: आपल्याकडे कुठली पद्धत चालते, आणि लेखी नियमापलीकडे अधिकाऱ्याच्या मर्जीवर किती सोडलेलं आहे? यावर जो अडखळला त्याला चहा पाजून निरोप द्या.

आता माझ्या घरचा आहेर. काही वर्षांपूर्वी दोघा मित्रांबरोबर मीही एका छोट्या लेआउटमध्ये पैसे घातले होते. आम्ही तिघेही 'या धंद्यातले', सल्लागाराला कशाला पैसे द्यायचे? जागा छान, रस्त्याला लागून, मागे हळूच उतरती. नकाशा मंजूर झाला. मग एका सकाळी मी रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उचकटलं, टेप आत सोडली. तळ 1.7 मीटरवर लागला. मी तिथेच डायरीत हिशेब मांडला. मागच्या शेवटच्या घरापासून चेंबरपर्यंत 160 मीटर. पाइपला शंभराला एक उतार धरला तर 1.6 मीटर. सुरुवातीलाच पाइप जमिनीखाली 0.9 मीटर हवा. झाले 2.5. आणि मागची बाजू रस्त्यापेक्षा 1.4 मीटर खाली. म्हणजे रस्त्यापाशी पोचेपर्यंत आमचा पाइप 3.9 मीटर खोल, आणि चेंबर 1.7. सांडपाणी वर चढत नाही. पंप बसवणं आलं, त्यासाठी जागा आली, त्याची देखभाल कोण करणार हा तंटा आला. दोन प्लॉट त्यात गेले.

हे मोजायला मला वीस मिनिटं लागली. तीच वीस मिनिटं खरेदीच्या आधी घातली असती तर जमिनीचा भाव पाडून मागता आला असता. बरा सल्लागार ही वीस मिनिटं तुमच्याकडून आधी काढून घेतो. तो स्वतः झाकण उचकटेलच असं नाही, पण 'लेव्हल्स, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाची मापं, घेतलीत का, चेंबरचा तळ किती?' हे विचारल्याशिवाय किती घरं बसतील याचा आकडा देणार नाही.

आमच्या आणखी एका फजितीचा संबंध थेट तुमच्या शेजारच्या तुकड्याशी आहे. आमची जागा रस्त्याला लागून होती असं वर लिहिलं, तेवढ्यात थोडी थाप आहे. मोजणीत निघालं की सार्वजनिक रस्त्याची हद्द आणि आमची हद्द यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांची पट्टी आहे आणि ती भलत्याच माणसाच्या नावावर. पूर्वी कधीतरी रस्ता रुंद करताना उरलेली. तिच्यावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं, पण तिच्यावरून गेल्याशिवाय आमच्या एकाही घराला वाट नव्हती. मालकाला हे आमच्याआधी कळलेलं होतं. अशा पट्टीला इंग्लंडात 'रॅन्सम स्ट्रिप' म्हणतात, खंडणीची पट्टी. तिथे 1961 मध्ये स्टोक्स विरुद्ध केंब्रिज कॉर्पोरेशन या दाव्यात अशाच मोक्याच्या वाटेची किंमत, विकासामुळे वाढणाऱ्या मूल्याच्या एक तृतीयांश धरली गेली. अजूनही तिथे वाटाघाटी त्या आकड्याभोवती फिरतात. आमची सुटका त्याहून स्वस्तात झाली, पण तो पट्टीवाला पुढे भेटला की हसतो अजून.

तेव्हा तुमचा शेजारचा तुकडा नेमका कशासाठी घेताय, हे आधी स्वतःला विचारा. वाटेसाठी असेल तर तो तुमच्या अडीच एकराची किल्ली आहे आणि त्याच्या मालकाला ते कळायच्या आत व्यवहार व्हायला हवा. नुसती चार घरं जास्त बसावीत म्हणून असेल, तर कदाचित त्याची गरजच नाही. कारण कित्येक ठिकाणी क्षेत्र एका मर्यादेपलीकडे गेलं की जास्तीची खुली जागा, सुविधांची जागा, जास्त रुंदीचा रस्ता असली बंधनं लागू होतात. तुकडा जोडून मर्यादा ओलांडलीत, आणि जोडलेलं तेवढं सगळं रस्त्यात नि बागेत गेलं, असं झालेलं मी पाहिलंय. तुमच्या बाबतीत काय होईल हे सल्लागाराने आकड्यांत दाखवावं: तुकड्यासह किती घरं, तुकड्याशिवाय किती.

घरं वीसची सतरा झाली तर काय बिघडलं, असं भावंडांपैकी कोणीतरी म्हणेलच. विक्रीचे येणार समजा 100. बांधकाम आणि रस्ते-पाइप यांना 55 जातात, फी, व्याज, विक्रीखर्च 15, विकासकाचा नफा 18. जमिनीला उरले 12. आता घरं सतरा. विक्री 85. पण रस्ता तेवढाच लांब, पाइप तेवढाच, म्हणून बांधकामखर्च त्या प्रमाणात उतरत नाही, 49 वर थांबतो. इतर खर्च 14, नफा 15. उरले 7. घरं पंधरा टक्क्यांनी कमी झाली आणि तुमच्या जमिनीची किंमत चाळीस टक्क्यांहून जास्त घसरली. आकडे मी सोयीचे घेतलेत, पण घडतं ते असंच: सगळे धक्के शेवटी जमिनीच्या वाट्याला येतात. म्हणून घरांचा आकडा विकासकाच्या नव्हे, तुमच्या सल्लागाराच्या तोंडून आधी ऐका.

पुराचंही विचारून घ्या, विशेषतः जवळ ओढा असेल तर. 'शंभर वर्षांची पूररेषा' म्हणजे पूर शंभर वर्षांतून एकदाच येणार असं नव्हे. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच तिचा अर्थ. तीस वर्षांचं कर्ज काढून घर घेणाऱ्याच्या हिशेबात ती जवळजवळ 26 टक्के होते.

आता माणूस कसा ओळखायचा. पदवी, नोंदणी वगैरे बघाच, त्यावर जास्त लिहीत नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक, त्याने आसपासचे नामंजूर झालेले प्रस्ताव वाचलेत का. मंजूर झालेले सगळेच दाखवतात. शेजारच्या नामंजुरीच्या पत्रात अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने कारण लिहिलेलं असतं: प्रवेशाच्या वळणावर गाड्या दिसत नाहीत, पावसाचं पाणी सोडायला जागा नाही, वगैरे. तेच कारण उद्या तुमच्या फायलीवर येणार. दुसरी गोष्ट, तो नकार लेखी देतो का. पहिल्या टप्प्यावर त्याच्याकडून पाच-सात पानांचा शक्यता अहवाल मागा. त्यात काय होऊ शकतं, काय नाही, कशाची खात्री नाही आणि ती करून घ्यायला कुठली तपासणी लागेल, हे स्पष्ट हवं. 'साहेब ओळखीचे आहेत, होऊन जाईल' हा अहवाल नव्हे. साहेब बदलतात, अहवाल फायलीत राहतो.

फी या टप्प्याला ठरावीक रकमेची ठेवा. परवानगी मिळाली तरच पैसे, असा करार ऐकायला गोड वाटतो, पण मग त्याला तुमच्या जमिनीपेक्षा अर्ज दाखल होण्यात रस. आणि तो विकासकासाठीही काम करतो का, हे सरळ तोंडावर विचारा. करत असेल तर दुसरा बघा, भांडण नको.

अर्जापूर्वी अधिकाऱ्यांशी चर्चा करायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, काही ठिकाणी रीतसर फी भरून. ती जरूर घ्या, पण बारीकसारीक ड्रॉइंग घेऊन जाऊ नका. साधा रेखाटलेला आराखडा न्या. पूर्ण सजवलेला नकाशा समोर ठेवला की अधिकारी त्यातल्या खिडक्यांवर बोलतो आणि प्रवेशाच्या रस्त्याचा प्रश्न राहून जातो. बैठकीनंतर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी पत्राने कळवून ठेवा. परवानगीला मुदत असते हेही भावंडांना सांगा. इंग्लंडात साधारणपणे तीन वर्षांत काम सुरू केलं नाही तर ती संपते. आधी परवानगी घेऊन ठेवू, भाव वाढला की बघू, हा बेत त्यामुळे बारगळतो.

राहिला पुढच्या आठवड्याचा बयाणा. आठवड्यात अहवाल होणार नाही. वकिलाला सांगून करारात एक अट घाला: अमुक दिवसांत प्रवेशाचा रस्ता आणि किमान अमुक घरं शक्य आहेत असा लेखी निष्कर्ष निघाला तर व्यवहार पुढे, नाहीतर बयाणा परत. विकणारा या अटीला तयार झाला तर बिनधास्त द्या. ऐकल्याबरोबर बिथरला, तर त्याला तुमच्या जागेबद्दल काहीतरी ठाऊक असण्याची शक्यता आहे. मोजणीचा नकाशा घेऊन त्याच संध्याकाळी हद्दीवरून एक चक्कर मारा. टेप सोबत असू द्या.