निकालाच्या पलीकडचा महिना

ताई, मी गोंदिया जिल्ह्यातली. राज्यसेवेच्या तयारीसाठी तीन वर्षांपासून नागपुरात, नंदनवनला रूम करून राहते. एकदा पूर्व गेली, यंदा मुख्य. घरी अजून सांगितलेलं नाही. बाबा धानाच्या पैशातून खर्च पाठवतात आणि मी फोनवर 'अभ्यास चांगला सुरू आहे' म्हणते. रूममेट तलाठी झाली, तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. अभ्यासिकेत पुस्तक उघडून नुसती बसते. माझ्या नशिबातच नाही असं वाटतं. पुढचं काही दिसत नाही.
– एक वाचक, नागपूर

पोरी, तुझ्या पत्रात मागची तीन वर्षं आहेत, बाबांचे पैसे आहेत, रूममेटचा निकाल आहे. पण येणाऱ्या महिन्याबद्दल एक ओळ नाही. मला काळजी वाटली ती तिथे. तू नापास झालीस याची तेवढी वाटली नाही.

फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये माणूस काळाकडे कसा बघतो हे मोजायची एक प्रश्नावली केली. कडू भूतकाळात अडकणं हा त्यातला एक प्रकार, आणि 'माझ्या हातात काही नाही, नशिबाने होईल ते होईल' असं म्हणत आजचा दिवस काढणं हा दुसरा. तू सध्या या दोन्हींत आहेस. अशा मनःस्थितीत पुस्तक उघडं असूनही डोक्यात शिरत नाही. याला आळस म्हणून स्वतःला कोसू नकोस.

आशेबद्दल मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांचं म्हणणं मला फार पटतं. त्यांच्या मते आशेला तीन गोष्टी लागतात: ध्येय, तिथवर जायच्या वाटा आणि त्या वाटेने चालायचं बळ. ध्येय तुझ्याकडे आहे. वाट मात्र तू एकच ठेवलीस, आणि बळ जिथून मिळतं ती माणसं एकेक करून दूर केलीस.

आधाराचं एक वैशिष्ट्य असं की नुसती माणसं असून भागत नाही, ती आपल्यामागे आहेत हे आपल्याला जाणवावं लागतं. तुझे बाबा पाठीशी आहेतच, पण खरी हकीकत त्यांना ठाऊक नसल्यामुळे त्यांचा प्रत्येक फोन तुला ओझं होतो. ते आधार देताहेत एका पास होत चाललेल्या मुलीला. तुला तो पोचणार कसा?

म्हणून या रविवारी घरी फोन कर. लांबण लावू नकोस. 'बाबा, मुख्य निघाली नाही. सांगायची हिंमत होत नव्हती. मला तुमच्याशी बोलून पुढचं ठरवायचं आहे,' एवढं पुरे. ते रागावतील, कदाचित स्थळांचा विषयही निघेल. तो त्याच दिवशी निकालात काढायची गरज नाही. 'त्यावर घरी आल्यावर बोलू' म्हणायचा तुला हक्क आहे.

रूममेटशीही बोल. तिच्या यशाने तुला दुखलं, यात लाजण्यासारखं काही नाही. शिवाय 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. आपलं उत्तर आपणच वाचून त्यातली खोट सापडत नाही, दुसऱ्या कुणीतरी ते वाचावं लागतं. तिला वेळ नसेल तर अभ्यासिकेतल्या दोघी-तिघी जमा करा आणि आठवड्यातून एकदा एकमेकींची उत्तरं तपासा. यात मैत्रीही होते आणि अभ्यासही.

आता वाटांचं. आणखी किती प्रयत्न द्यायचे ते बाबांशी बोलून ठरव आणि तो आकडा कागदावर लिही. त्याच कागदावर दुसरी वाट लिही: गट-क च्या परीक्षा, बी.एड., एखादी नोकरी, जे तुला खरोखर करावंसं वाटेल ते. दुसरी वाट ठरवली की पहिलीवरची निष्ठा कमी होते, असं अभ्यासिकांमध्ये सर्रास बोललं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. जिला एकच दार दिसतं, ती पेपरला बसते तेव्हा प्रश्नापेक्षा भीतीच जास्त वाचते.

आधार असला की आशा वाढते, तसंच आशा असलेला माणूस इतरांकडे जातो म्हणूनही त्याला आधार मिळतो. सुरुवात कुठूनही चालेल. तुझ्यासाठी फोन सोपा आहे.

एक मात्र थेट विचारते. 'पुढचं काही दिसत नाही' यात जगणंच नकोसं होणं आहे का? असेल, किंवा झोप-भूक बरेच दिवस गेली असेल, तर रविवारची वाट बघू नकोस. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे चोवीस तास बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं. रूममेटला उठवून शेजारी बसव आणि फोन लाव.

बाबांशी बोलणं झालं की मला कळव. ते काय म्हणाले, तेही लिही.