चावी, झाकण, चमचा: संधिवाताच्या हातांसाठी काय बनवावं

प्रश्न असा आहे की, बोटांच्या संधिवातामुळे आजींना चमचा धरवत नाही, चावी फिरत नाही. सगळ्या मुठी जाड केल्या तर भागेल का? अर्धंच भागेल. जाडीने धरण्याचा त्रास कमी होतो, पिळण्याचा नाही. पिळायला तरफ हवी, म्हणजे लांबी.

चमचा आणि टूथब्रशसाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी उत्तम. आतला व्यास १२ मिमी, भिंत ९ मिमी, म्हणजे बाहेरून ३० मिमी. साबणाचं पाणी लावून सरकवायची. चिकटवायची नाही, कारण धुताना काढून वाळवली नाही तर आत बुरशी धरते. चमच्याचा दांडा चपटा असेल तर नळी त्याच्याभोवती फिरत राहते, म्हणून आधी दांड्यावर कापडी चिकटपट्टीचे वेढे द्या. ४० मिमीच्या पुढे सहसा जाऊ नका, बोटांचा वेढाच बसत नाही आणि पकड सुटते. सुरीला फोम मुळीच नको. दाबाखाली तो दबतो आणि पातं हातात वळतं.

आता चावी. चिमटीत जेवढा जोर लावाल त्याच्या कितीतरी पट भार अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो, त्यामुळे चावीला चिमटीतूनच सोडवायचं. ६ मिमी प्लायवूडच्या १० सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद दोन पट्ट्या घ्या. दोन्ही एकत्र आवळून टोकांजवळ साडेचार मिमीची भोकं पाडा. एका टोकाला चावीचा माथा दोन पट्ट्यांमध्ये, चावी पट्टीला काटकोनात. एम-४ चा (म्हणजे ४ मिमी जाडीचा) २० मिमी लांब बोल्ट माथ्याच्या भोकातून. दुसरा बोल्ट दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे वॉशर. बहुतेकांचं इथेच फसतं: मधली फट रिकामी ठेवली की चावी बोल्टभोवती झुलते आणि कुलपात घालताना मुडपते. माथ्याच्याच जाडीचा प्लास्टिकचा तुकडा माथ्याला खेटून बसेल असा कापून फटीत भरा. कडा पॉलिश पेपरने गोल करा. पट्टी पूर्ण फिरताना दाराच्या मुठीला किंवा चौकटीला अडत नाही ना, हे नट आवळण्याआधी बघा.

तरफ लांब म्हणून कुलपाशी झुंजू नका; जाम कुलपात चावी तुटते. आधी ग्रॅफाइटची पूड.

बरणीला काही बनवायची गरजच नसते. खाली एक रबरी चकती, झाकणावर दुसरी, आणि वरून तळहाताचा दाब. हवाबंद झाकण असेल तर चमच्याच्या टोकाने कड किंचित उचलून आधी हवा आत जाऊ द्यायची. नळ मात्र बदलाच: पाव फेऱ्यात उघडणारा, लांब दांड्याचा.

वस्तू झाली की सकाळी उठल्या उठल्या, सांधे आखडलेले असताना वापरून बघायला सांगा. चमचा, टूथब्रश असेल तर ओल्या हाताने. दुपारी छान वाटलेली चमच्याची किंवा ब्रशची लाकडी मूठ तेव्हा जड वाटली, तर लाकूड काढून फोम लावा.