वय झालंय, दुसरं काय!

‘बाबा हल्ली फार चिडचिडे झालेत. वय झालंय, दुसरं काय!’ पन्नाशीकडे झुकलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांची सुरुवात अशीच असते. पहिलं वाक्य तक्रारीचं. दुसऱ्यात निकालही लावून टाकलेला असतो, आणि मला काळजी त्या दुसऱ्याची.

पुण्यातल्या सहकारनगरचं एक कुटुंब सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. वडील पंचाहत्तरीचे. तळजाई टेकडीवर रोज फिरायला जायचे, ते बंद. टीव्ही मोठ्यानं, सुनेशी खटके, एरवी गप्प. मुलाला स्मृतिभ्रंशाची धास्ती.

काका नाइलाजानंच आले आणि बोलले फक्त टिप्याबद्दल. टिप्या म्हणजे घरचा पॉमेरेनियन, वय चौदा. (कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सोडून द्या. लहान जातीचा कुत्रा दोन वर्षांत साधारण चोविशी गाठतो, पुढं दर वर्षी चार-पाच. म्हणजे टिप्या काकांच्याच वयाचा.) टिप्याच्या डोळ्यांत निळसर झाक आली, ती मोतीबिंदूची नव्हे, वयानं भिंग घट्ट झाल्याची, हे त्यांनी डॉक्टरांकडून खात्री करून घेतलं होतं. खाणं सोडलं तेव्हा किडलेले दात काढून घेतले होते.

‘आणि गुरगुरतो म्हणे हल्ली?’

‘चिडका नाही हो तो! ऐकू येत नाही त्याला. मागून हात लावला की दचकतो. मी घरात सांगून ठेवलंय, समोरून जा.’

‘काका, तुमच्याशी घरातले कुठून बोलतात?’

ते माझ्याकडे बघत राहिले. मी घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसणं मला वर्षानुवर्षांच्या सरावानं जमलंय.

‘स्वयंपाकघरातून,’ ते म्हणाले. ‘अर्धंच कळतं. पुन्हा विचारलं की, आत्ताच सांगितलं ना! तळजाईवर चौघं एकदम बोलतात. सगळे हसले की मी हसतो. कशाला जायचं?’

त्या तासात मी एकही सल्ला दिला नाही. वागणं दोघांचं एकच होतं. घरानं त्याला लावलेले अर्थ वेगळे होते. कुत्र्याच्या गुरगुरण्यामागं कारण शोधलं, बाबांच्या चिडण्याला मात्र स्वभाव ठरवलं. माझ्या मते घरातली निम्मी दुखणी अशा लावलेल्या अर्थांचीच असतात.

वयानं आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, फ, त नीट कळत नाहीत. आवाज येतो, शब्द येत नाहीत. म्हणून ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ असा आरोप होतो. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. नाव विसरून नंतर आठवणं फारसं गंभीर नसतं. रोजच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा व्यवहार न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, हे दिसलं तर डॉक्टर गाठा. तिथंही थायरॉइड, बी-१२ (शाकाहारी घरांत खास) आणि नैराश्य तपासायला सांगा; या तिन्हींवर उपचार आहेत. कुत्रा रात्रभर येरझाऱ्या घालू लागला, कोपऱ्यात अडकून उभा राहिला, तर त्यालाही दाखवा. लहान जातींत खोकला हृदयाच्या झडपेमुळेही असू शकतो.

श्रवणयंत्राला सरावायला काही आठवडे लागतात. कुकरची शिट्टी कानात घुसते, आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. तसं होऊ देऊ नका, आवाज पुन्हा जुळवून आणा. काकांनी पुष्कळ कुरकुर केली. जुळवून आणायला त्यांना सूनच घेऊन गेली.