युनिक पॉइंटरनं लिंक्ड लिस्ट करताना

भावा, सी प्लस प्लसमध्ये नोडला, म्हणजे लिस्टच्या एकेका कडीला, दोनच गोष्टी दे: डेटा आणि पुढच्या नोडचा युनिक पॉइंटर, म्हणजे एकच मालक असलेला, मालक गेला की मेमरी आपोआप सोडणारा पॉइंटर. अनेक मालक चालणाऱ्या शेअर्ड पॉइंटरच्या नादाला लागू नकोस, इथं प्रत्येक नोडचा मालक एकच.

सुरुवातीला नोड घालताना आधी जुना हेड (पहिल्या नोडचा पॉइंटर) नव्या नोडच्या नेक्स्टमध्ये (पुढच्या नोडच्या पॉइंटरमध्ये) मूव्ह कर, म्हणजे मालकी तिकडं दे, मग नवा नोड हेडमध्ये. उलटं केलंस तर जुनी अख्खी लिस्ट तिथंच डिलीट होते, आणि नव्याचा पॉइंटर रिकामा झालेला असल्यानं पुढच्याच ओळीला क्रॅश.

खरी गोम डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे लिस्ट संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. तो लिहिलाच नाहीस तर पहिला नोड दुसऱ्याला मोडायला घेतो, दुसरा तिसऱ्याला, आणि हे सगळे कॉल स्टॅकवर, म्हणजे फंक्शन कॉलांसाठीच्या मर्यादित मेमरीत, साचत जातात. दहा नोडांच्या प्रॅक्टिकलला कळतही नाही! लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबी, विंडोजवर १ एमबी. म्हणून घरी लिनक्सवर चाललेला कोड राजारामपुरीतल्या क्लासच्या विंडोज पीसीवर लाखभर नोडांना आडवा होतो. डिस्ट्रक्टरमध्ये व्हाइल लूप लाव: हेड रिकामा होईपर्यंत त्याचाच नेक्स्ट हेडमध्ये मूव्ह करत राहा. मग एका वेळी एकच नोड मोडतो.

मागच्या नोडचा दुवा पाहिजेच असेल तर तो (प्रीव्ह) साधा पॉइंटर ठेव. दोन्हीकडून शेअर्ड केलास की मालकांचा काउंट शून्यावर येतच नाही, मेमरी अडकून बसते. लिनक्सवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून चालवलंस तर ती गळती लगेच दिसेल.