सहा पंखे लावले, तरी पीसी तापतोच

असेंबल केलेल्या पीसीतल्या पंख्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नवीन कॅबिनेट घेतलं. समोर तीन पंखे, वर दोन आणि मागे एक. समोरचं पॅनेल काचेचं आहे. गेम सुरू केला की ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर जातं. खाली आणखी दोन पंखे बसवू का? (पुणे)

थांबा, पाकीट बाहेर काढू नका. आधी साइड पॅनेल काढा, तोच गेम वीस-पंचवीस मिनिटं खेळा आणि कार्डाचं तापमान बघा. पाच-सात अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर कार्ड बिचारं ठीक आहे, त्याला हवा मिळत नाहीये. काही फरकच पडला नाही, तर दुखणं कार्डाच्याच कूलरमध्ये आहे : पात्यांवर धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट (चिप आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप) वगैरे. मग कॅबिनेटमध्ये कितीही पंखे लावा, उपयोग नाही.

तुमच्या बाबतीत मला संशय आहे तो काचेचा. काचेमागचे तीन पंखे हवा ओढणार कुठून? बाजूच्या बोटभर फटीतून. त्या फटीवर जाळी असली तर आणखीच कमी. समोर जाळीचं पॅनेल असलेल्या कॅबिनेटमध्ये दोनच पंखे याहून बरं काम करतात. तुमच्या मॉडेलला जाळीचं पॅनेल वेगळं मिळत असेल, तर पैसे तिथे घाला.

दुसरी गोष्ट फुकटात होते. वरच्या दोन पंख्यांपैकी पुढचा, म्हणजे समोरच्या पॅनेलकडचा, काढून टाका. समोरच्या सगळ्यात वरच्या पंख्याने आत घेतलेली थंड हवा सीपीयूच्या कूलरपर्यंत पोचायच्या आतच हा पठ्ठ्या ती वरून बाहेर फेकतो. मागचा एक आणि वरचा मागच्या बाजूचा एक, इतके बाहेर फेकायला पुरतात. ‘गरम हवा वर जाते, म्हणून वर जास्त पंखे’ हा हिशोब उघड्या खोलीत ठीक आहे. कॅबिनेटमध्ये साधा पंखासुद्धा हवेला हवं तिकडे ढकलतो.

आणि एकदा दिशा तपासा. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतात. उलट्या पात्यांचे पंखे घेतले असतील तर मात्र हा नियम उलटा, तिथे टिश्यू पेपर धरून बघा. दुकानातून असेंबल होऊन आलेल्या पीसीतही मागचा पंखा उलटा बसवलेला मी पाहिला आहे. दिवे छान लागत होते, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

प्रश्न : मे महिन्यात खोली ४० अंशांवर असते. जानेवारीत सत्तरच्या आसपास राहणारा सीपीयू आता नव्वदीला टेकतो. पंखे खराब झाले का? (नागपूर)

पंखे ठणठणीत आहेत. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, तिच्यापेक्षा थंड काही करू शकत नाही. म्हणून नुसतं तापमान न बघता, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. जानेवारीत खोली २२ आणि सीपीयू ७२, म्हणजे फरक ५०. मे महिन्यात ४० आणि ९०, फरक पुन्हा ५०. तुमच्या कूलरने काम तेवढंच केलंय. हा फरक ५० चा ६५ झाला, तर काळजी करा.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले आहेत आणि मर्यादा आली की ते आपणच वेग कमी करतात. तरी उन्हाळ्यापुरता बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे प्रोसेसरला कमी वीज देणारी सोय, लावून बघा. वेगात थोडा फरक पडतो, उष्णतेत बराच पडतो. डेझर्ट कूलर खोलीत असायला हरकत नाही. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र नको. नुसत्या दमट हवेने चालू पीसीचं काही बिघडत नाही, पण झोताबरोबर तुषार आले तर ते पाणी, त्यातल्या क्षारांसकट, मदरबोर्डवर जाऊन बसतं.

प्रश्न : ‘पॉझिटिव्ह प्रेशर’ ठेवलं की धूळ येत नाही म्हणतात. आत तीन, बाहेर तीन पंखे आहेत. बरोबरी झाली ना? (रत्नागिरी)

पॉझिटिव्ह प्रेशर म्हणजे बाहेर जाते त्याहून जास्त हवा आत ढकलणं, म्हणजे आतला दाब जास्त. तुमची मोजायला बरोबरी, प्रत्यक्षात तीही नाही. आत घेणाऱ्या पंख्यांपुढे फिल्टर असतो आणि तो हवा अडवतो. बाहेर फेकणारे मोकळे असतात. त्यामुळे बाहेर जास्त हवा जाते आणि तूट भरायला मागच्या फटींतून, यूएसबीच्या भोकांतून, मिळेल तिथून हवा आत घुसते. फिल्टर नसलेल्या वाटेने आली की सोबत धूळ आलीच.

उदबत्ती लावा. घरातला छताचा पंखा बंद करा आणि कॅबिनेटच्या मागे, ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या रिकाम्या पट्ट्यांच्या फटीजवळ ती धरा. धूर सरळ आत वळला, तर आतला दाब कमी आहे. मागच्या आणि वरच्या पंख्यांचे फेरे कमी करा, धूर बाहेर ढकलला जाईपर्यंत. धूळ पूर्ण थांबणार नाही, पण बरीचशी फिल्टरवर अडकेल आणि फिल्टर नळाखाली धुता येतो. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

ब्लोअर मारताना पात्यात पेन्सिल किंवा बोट अडकवून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा गरगर फिरताना मजा वाटते, पण बेअरिंगची वाट लागते.

प्रश्न : लिक्विड कूलरचा रेडिएटर (आतलं द्रव थंड करणारी, पंखे लावलेली जाळी) समोर लावू की वर? (ठाणे)

गेमिंगसाठी पीसी असेल तर वर, हवा बाहेर फेकणारा. समोर लावला तर सीपीयू दोन-चार अंश थंड राहतो, पण त्याची सगळी उष्णता ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर जाते आणि गेममध्ये जास्त तापणारं कार्डच असतं. समोरच लावावा लागला, तर रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. आतले बुडबुडे सगळ्यात उंच जागी जमतात, ती जागा पंप असता कामा नये.

प्रश्न : ब्राउझर उघडला तरी पंखे एकदम घोंगावतात, मग शांत होतात. तीन पंखे मदरबोर्डवरच्या एकाच हेडरवर (पंख्याची वायर लावायच्या पिना) स्प्लिटरने, म्हणजे एकाच्या तीन करणाऱ्या वायरने, जोडलेत. (कोल्हापूर)

सीपीयूचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखे त्याच्यामागे धावतात. बायोसमध्ये पंख्याची प्रतिक्रिया उशिरा देण्याची सोय असते, ती चार-पाच सेकंदांवर ठेवा आणि तापमानानुसार पंख्याचा वेग दाखवणारी रेषा ६० अंशांपर्यंत जवळजवळ सपाट ठेवा. मिनिटाला १४०० ऐवजी ९०० फेऱ्यांवर हवा कमी होते, पण आवाज त्याहून कितीतरी जास्त उतरतो.

स्प्लिटर चालेल. बहुतेक हेडर १ अँपिअरचे असतात, पंख्यावरच्या लेबलवरचे आकडे बेरजेत त्याच्या आत राहू द्या. पंखे तीन पिनांचे असतील तर बायोसमध्ये हेडर ‘डीसी’वर (व्होल्टेज बदलून वेग ठरवणं) ठेवा. ‘पीडब्ल्यूएम’वर (चौथ्या पिनेतून वेगाचा इशारा देणं) राहिला तर ते सतत पूर्ण वेगाने फिरतील. आणि दिव्यांची वायर लावताना डोळे उघडे ठेवा : ५ व्होल्टचे तीन पिनांचे दिवे १२ व्होल्टच्या हेडरवर जोर लावून बसवले, तर पंखा फिरत राहतो, दिवे कायमचे जातात.