दोन लाखांच्या आत भरवशाची जुनी कार कशी निवडावी?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातील गावात राहता आणि दोन लाखांच्या आत कुटुंबासाठी जुनी कार घेऊ इच्छिता. माझ्या मते पेट्रोलची अल्टो किंवा वॅगन-आर पाहावी, कारण त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात आणि आपल्याकडच्या मेकॅनिकांचा त्यांवर हात बसलेला असतो.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जावे. मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्याचा कंटाळा करू नये. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे, आणि ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ, चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडावी, कारण इंजिनच्या कामात वाचवलेले पैसे सहज निघून जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, म्हणून एसी लावून अर्धा तास गाडी चालवावी आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरचा पंखा फिरतो का, हे पाहावेच. पांदण रस्त्यांवर वापरलेल्या गाडीचा खालचा भाग टॉर्च लावून तपासावा.

आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) व बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खासगी कारची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपत आली असेल, तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. गाडी आपल्या नावावर करण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्याव्यात.