शून्याखालच्या थंडीत रायफल खरंच जाम होते का? एके-४७ चांगली की आपली देशी रायफल इन्सास?

जाम होते. पण थंडीपेक्षा उबेने जास्त होते. तुम्ही प्रश्नाखाली 'की जवानच नीट साफ करत नाहीत?' असं लिहिलंय, ते वाचून उत्तर द्यायला बसलो.

मी देवळालीचा. तोफखान्याचे आवाज ऐकत वाढलो, भरती मात्र पायदळात झालो. थंडी म्हणजे निफाडची, द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवायला लावणारी, एवढीच माहीत होती. पुढे लडाखमध्ये, कारगिलजवळच्या द्रासच्या बाजूला पोस्ट मिळाली. पहाऱ्यावरून आलो की रायफल बंकरमध्ये बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, ठेवायचो. पुलथ्रूने, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीने, नळी साफ, चिंदीने सगळे भाग पुसून वर भरपूर तेल. खाली मैदानात असंच शिकवलेलं. एका संध्याकाळी टेस्ट फायरला घोडा दाबला तर नुसतं टक्. कॉक करून पुन्हा दाबला, पुन्हा टक्. हवालदार सगळ्या सेक्शनसमोर, म्हणजे आमच्या दहाएक जणांच्या तुकडीसमोर, म्हणाले, "रायफलीला हात लावत नाहीस तू. आळशी आहेस." तीन रात्री जादा पहारा दिला.

मी रोज तासभर तिच्याशी बसत होतो! आणि घोळ तिथेच होता. गार लोखंड उबेत आणलं की त्याला पाणी सुटतं, फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं. ते बोल्टच्या आत, काडतुसावर ठोका मारणाऱ्या फायरिंग पिनपाशी शिरतं आणि बाहेर नेलं की त्याचा बर्फ होतो. त्यात साधं तेल थिजून मेणासारखं होतं. पिनचा ठोका हलका बसतो, काडतूस पेटत नाही. हे मला नंतर नायक हुद्द्याच्या एका जुन्या जवानाने बोल्ट उघडून दाखवलं. तेव्हापासून रायफल बाहेरच, आडोशाला, नळीच्या तोंडाला टोपण. तेल अगदी पुसल्यासारखं. आत आणावीच लागली तर पूर्ण गरम होऊ द्यायची, पाणी सुटून संपलं की कोरडी करायची, मगच बाहेर.

१९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन फौजेचीही हत्यारं तेल थिजून अडकली होती. ती अख्खी फौज आळशी होती का? त्या हवालदारांना हे विचारायचं माझं राहून गेलं. तुम्ही कधी सेक्शन सांभाळलात तर अडकलेल्या रायफलीबद्दल आधी विचारा की ती रात्री कुठे ठेवली होती. पोराला शिव्या नंतर घाला.

एके की इन्सास म्हणाल तर, एकेच्या भागांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणून ती घाण आणि बर्फ जास्त सोसते. इन्सासची प्लास्टिकची मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, थंडीत तडकायची, १९९९ च्या कारगिलमध्ये ती तक्रार होतीच. तरी माझ्या टक्-ला मॅगझिन कारण नव्हतं.

गारठ्यात काडतुसातली दारू हळू जळते, त्यामुळे गोळीचा वेग घटून ती खाली लागते. उंचीवरची विरळ हवा तिला उलट वर नेते. म्हणून झिरोइंग, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं, पोस्टवर पोहोचल्यावर तिथेच पुन्हा करायचं, खालचं चालत नाही.

मी आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, नव्हतो, साधा रायफलमन होतो. दुसऱ्या हत्याराला तेल कुठलं आणि किती, ते त्याच्या पुस्तकात बघा. आणि नळीत बर्फ गेल्याची शंका जरी आली तरी घोडा दाबू नका, नळी फुटते. आधी रायफल रिकामी करा, मग पुलथ्रू ओढा.